टाकीतल्या बेडकाचा पहिला सीझन

ॲनिमेशनच्या कामात रेंडर नावाचा एक प्रकार असतो. आपण काढलेली चित्रं, रंग, सावल्या, सगळं कॉम्प्युटरच्या हवाली करायचं आणि त्याने त्याची फिल्म बांधून देईपर्यंत गप थांबायचं. कधी वीस मिनिटं जातात, कधी अख्खी दुपार. तेवढा वेळ मशीनला हात लावता येत नाही, म्हणून माणसं चहा घेतात आणि बोलतात. माझी सोळा वर्षं या धंद्यात गेली. त्यातली चारेक तरी नुसती रेंडरपुढे गेली असतील. मग किस्से साठणार नाहीत तर काय होणार?

आमचा स्टुडिओ अंधेरी पूर्वेला, मरोळच्या एका इंडस्ट्रियल इस्टेटमध्ये दुसऱ्या मजल्यावर आहे. खाली पापडाचं गोडाऊन. त्यामुळे आमच्याकडे पाहुणा आला की आधी वास घेतो आणि मग नमस्कार करतो. मालक कामत सर. दिगंबर परब हा आमचा सगळ्यात जुना ॲनिमेटर, नाहूरला आईबरोबर राहतो, सगळे त्याला दिगूदा म्हणतात. रुचा प्रॉडक्शन बघते, म्हणजे दोन्ही बाजूंच्या शिव्या खाते. आणि मी बॅकग्राउंड काढते. पात्रं उड्या मारतात ती जागा माझी.

कामत सरांनी वीस वर्षं टीव्ही चॅनेलांसाठी कार्टून केली. सर सांगतात, "चॅनेलवाला एकच प्रश्न विचारायचा, सोमवारी मिळेल ना? हो म्हटलं की फोन ठेवायचा. बेडकाला शेपूट काढली असती तरी त्याने बघितली नसती."

मग चॅनेलांची कामं आटली आणि आमच्याकडे स्ट्रीमिंगवाले आले. नाव सांगत नाही, तसं लिहून दिलंय. आम्ही त्यांना नुसतं 'प्लॅटफॉर्म' म्हणतो. ते सोमवारचं विचारत नाहीत. ते विचारतात, "का?"

हे सगळं त्यांच्यासाठी केलेल्या एका सिरीजचं. गोष्ट साधी होती. उपनगरातल्या एका सोसायटीच्या गच्चीवर पाण्याची टाकी. तिच्यात राहणारा डबकू नावाचा बेडूक, आणि टाकीवर येऊन बसणारा धवल नावाचा बगळा. दोघांची मैत्री. संपलं.

*

प्लॅटफॉर्मच्या बाजूने आमच्याशी बोलायला तारिणी मॅडम होत्या. एकोणतीस-तीसच्या असतील, चेंबूरच्या, बोलायला गोड. प्रत्येक व्हिडिओ कॉलला म्हणायच्या, "वरून एक नोट आलीये." वर कोण आहे ते आम्हाला शेवटपर्यंत कळलं नाही. बहुतेक त्यांनाही नसावं.

पहिली नोट माझ्या टाकीवर आली. मी तीन आठवडे खपून टाकी काढली होती. काळी प्लास्टिकची, उन्हाने पांढुरकी झालेली, झाकणावर वीट.

"टाकी फार लोकल वाटतेय," मॅडम म्हणाल्या. "बाहेरच्या देशातल्या मुलांना कळणार नाही. स्विमिंग पूल करता येईल का?"

मी स्विमिंग पूल काढला. पुढच्या कॉलला नोट आली की पूलमध्ये क्लोरीन असतं, त्यात बेडूक दाखवला तर प्राण्यांच्या तब्येतीबद्दल चुकीचा मेसेज जाईल. मग मी तलाव काढला, भोवती झाडं काढली, कमळं काढली. त्याला दीड महिना गेला.

तलाव बघून मॅडम म्हणाल्या, "सुंदर आहे. पण हा कुठलाही तलाव असू शकतो ना? वरून म्हणताहेत, काहीतरी ऑथेंटिक हवं. खास मुंबईचं. जे जगाने कधी बघितलंच नाही असं काहीतरी."

आमच्या खोलीत कोणी कोणाकडे बघेना. शेवटी कामत सर पुढे सरकले. "मॅडम, एक सुचतंय. सोसायटीच्या गच्चीवरची पाण्याची टाकी."

मॅडमचा चेहरा उजळला. "सर, हे आधी का नाही सुचलं?"

"वय झालं," सर म्हणाले.

मी जुनीच फाईल नवीन तारीख घालून पाठवली. दोन दिवसांत मंजूर झाली. फक्त एक शंका आली होती, झाकणावरच्या विटेला काही सांस्कृतिक अर्थ आहे का?

"झाकण उडू नये म्हणून असते ती," दिगूदा रुचाला म्हणाला. "पण तू सांस्कृतिकच लिही. नायतर उद्या काढायला सांगतील."

*

टीव्हीच्या काळात एका भाषेत बनवायचं आणि फार तर आणखी दोन भाषांत डब व्हायचं. प्लॅटफॉर्मवर एकाच दिवशी डझनभर भाषांत येतं. मूळ स्क्रिप्ट इंग्रजीत, कारण वरच्यांना वाचायला तीच लागते. आणि इंग्रजीत सगळ्यांना 'यू'.

पहिला मेल मराठी डबिंगवाल्यांचाच आला. डबकू बगळ्याला तू म्हणतो की तुम्ही? पाठोपाठ बाकीच्या भाषांचे आले. काहींच्या भाषेत तर तीन-तीन प्रकार होते. सगळे आमच्या उत्तरासाठी थांबले होते. रेकॉर्डिंग अडलं होतं.

तारिणी मॅडमनी मीटिंग लावली. मी म्हटलं, मित्र आहेत, तूच म्हणेल. रुचा म्हणाली, बगळा वयाने मोठा आहे. "कशावरून मोठा?" मी विचारलं. ती म्हणाली, "पांढरा आहे ना." बेडूक किती वर्षं जगतो, बगळा किती, हे बघण्यात अर्धा तास गेला. मॅडमनी विचारलं, पहिल्या भागात तुम्ही आणि मैत्री झाल्यावर तू, असं चालेल का? मग मैत्री नेमकी कुठल्या सेकंदाला होते यावर वाद सुरू झाला.

दिगूदा कोपऱ्यात बसून पेन्सिलीला टोक करत होता. तो म्हणाला, "ओ, सोप्पं आहे. बगळा बेडूक खातो. जो आपल्याला खाऊ शकतो त्याला तुम्ही म्हणायचं."

कामत सरांनी मान हलवली. "बरोबर आहे. म्हणूनच आपण प्लॅटफॉर्मला तुम्ही म्हणतो."

माईक चालू होता. तारिणी मॅडम जोरात हसल्या आणि लगेच कॅमेरा बंद केला.

सगळ्या भाषांत तुम्ही ठरलं.

*

आता दिगूदाची गोष्ट. सिरीजचं सुरुवातीचं गाणं, म्हणजे टायटल, त्याने एकट्याने हाताने काढलं. कागदावर. चाळीस सेकंदांचं. स्टुडिओत कागदावर काढणारा आता तो एकटाच उरलाय. त्याचे वडील गिरणीत होते, ती बंद पडली, तेव्हापासून मशीनवर त्याचा फारसा विश्वास नाही.

टायटल बघून आम्ही सगळे उठून उभे राहिलो होतो, इतकं ते झकास झालं होतं. डबकू टाकीच्या कडेवरून उडी मारतो आणि पाण्यात उपनगराचे सगळे दिवे हलतात.

सिरीज आली त्या दिवशी आम्ही मोठ्या स्क्रीनवर लावली. गाणं सुरू झालं आणि दुसऱ्या सेकंदाला कोपऱ्यात बटण आलं, गाणं वगळा. ते दिगूदाच्या बेडकाच्या बरोब्बर तोंडावर येत होतं. पंधरा दिवसांनी रुचाने विचारणा केली तर कळलं की बहुतेक सगळे ते दाबतात.

दिगूदाने पेन्सिली डब्यात ठेवल्या आणि तो घरी गेला.

दुसऱ्या दिवशी आला तो हसत. त्याच्या आईला ते बटण दाबताच येत नाही. ती रोज शेजारच्या पोराकडून सिरीज लावून घेते, चाळीस सेकंदांचं गाणं हात जोडून बघते, आणि ते संपलं की टीव्ही बंद करते. तिला वाटतं सिरीज तेवढीच आहे.

"काय म्हणाली मग?" सरांनी विचारलं.

"म्हणाली, तुजा काम बरा आसा रे. लहान आसा, पण बरा आसा."

*

माझे बाबा मुलुंडला माझ्याजवळ असतात. महापालिकेतून रिटायर झाले आणि तेव्हापासून फक्त खुनाच्या मालिका बघतात. कुठल्याही देशाच्या चालतात, मेलेला माणूस असला की झालं.

प्लॅटफॉर्मची एक गंमत आहे. एकाच सिरीजचं पोस्टर प्रत्येकाला वेगळं दिसतं. माणूस काय बघतो त्यावरून मशीन ठरवतं की याला कुठलं चित्र दाखवलं तर तो दाबेल.

एका रविवारी बाबा म्हणाले, "तुमच्या त्या प्लॅटफॉर्मवर नवीन थ्रिलर आलंय. जबरदस्त दिसतंय." मी मान वळवून बघितलं तर माझी टाकी. मशीनने सहाव्या भागातला अंधारातला शॉट उचलला होता. टाकीचं झाकण अर्धवट उघडं, आत दोन डोळे, आणि वर चोच.

मी काही सांगितलं नाही. म्हटलं, बघू दे. सोळा वर्षांत त्यांनी माझं एकही कार्टून बघितलं नव्हतं.

बाबांनी तीन दिवसांत अख्खी सिरीज संपवली. चष्मा लावून, वही घेऊन. जेवताना पण बोलेनात. शेवटी चौथ्या दिवशी म्हणाले, "खून कोणाचा होतो ते शेवटपर्यंत दाखवलं नाही. पण माझा संशय बगळ्यावर आहे. फार गोड बोलतो."

थोड्या वेळाने म्हणाले, "टाकी कोणी काढली गं? अगदी खरी वाटते. आमच्या पाणीखात्यातला माणूस असणार."

मी म्हटलं, "पाणीखात्यातल्याच एकाच्या घरातलं कोणीतरी होतं."

*

टीव्हीला कोण कधी उठून गेलं ते कळायचं नाही. प्लॅटफॉर्मला कळतं. एके दिवशी तारिणी मॅडमचा कॉल आला, चेहरा पडलेला. तिसऱ्या भागात, चौथ्या मिनिटाला, मुलं निघून जातात. सगळीकडची. एकाच सेकंदाला. बरीचशी परत येतच नाहीत.

तो सीन आम्ही शंभर वेळा बघितला असेल. डबकू ताट घेऊन बसलाय, मागे निळी बादली. वरून आलं की बादलीचा रंग उदास आहे. मी बादली पिवळी केली, तो भाग पुन्हा चढवला. मुलं त्याच सेकंदाला गेली. मग बादली काढली. तरी गेली. मग सरांनी डबकूच्या चेहऱ्यावरचा एक चामखीळ काढायला लावला. दिगूदाला ते आवडलं नाही, पण काढला.

दुसरा सीझन मिळणार की नाही ते त्या एका सेकंदावर लटकलं होतं. म्हणजे स्टुडिओही तिथेच लटकला होता.

मग रुचा घाटकोपरला बहिणीकडे गेली. बहिणीची जुळी मुलं तोच भाग बघत होती. चौथं मिनिट आलं. डबकूने ताट पुढे ओढलं, सरळ समोर बघितलं आणि म्हणाला, "जेवायच्या आधी काय करायचं? हात धुवून यायचं. चला."

जुळी उठली आणि मोरीत गेली. ओले हात घेऊन बाहेर आली तेव्हा आईने त्यांना जेवायलाच बसवलं.

रुचाने तिथूनच सरांना फोन केला. "सर, मुलं कंटाळून जात नाहीत. डबकूचं ऐकून जातात."

आम्हाला वाटलं सुटलो. आम्ही कळवलं. दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी नोट आली. डबकूने म्हणावं, "हात नंतर धुवू."

कामत सरांनी इतक्या वर्षांत कोणाला नाही म्हटलेलं मी ऐकलं नव्हतं. त्या दिवशी त्यांनी स्वतः मेल लिहिला, मराठीत, एका ओळीचा. "आमचा बेडूक मुलांना घाणेरड्या हाताने जेवायला सांगणार नाही. कामत."

तासाभराने तारिणी मॅडमनी रुचाला फोन केला. "सरांचा मेल मी वर पाठवलाय. असाच्या असा. भाषांतर नाही केलं."

"मग?"

"मग काय, महिनाभर तरी कोणाला कळणार नाही."

ते हात धुणं शेवटपर्यंत राहिलं.

*

सिरीज गेली ती बातमी आम्हाला दिगूदाच्या आईने दिली. सकाळी अकराला त्याला फोन आला. "दिगू, तुजो बेडूक खंय गेलो रे? दिसना नाय."

आम्ही आपापल्या फोनवर शोधलं. नव्हता. नावच सापडेना. संध्याकाळी मेल आला, त्यात 'लायब्ररीची पुनर्रचना' असं काहीतरी होतं. तारिणी मॅडमचा नंबर लागेना. नंतर कळलं की त्यांच्या विभागाचीही पुनर्रचना झाली होती.

टीव्हीवर लागून गेलेलं काम निदान कपाटात कॅसेट म्हणून तरी राहायचं. सरांकडे अजून आहेत, बुरशी आलेल्या. इथे करार असा होता की आम्ही एकही प्रत ठेवायची नाही. रुचाने आमच्याच मशीनवरून सगळं पुसून तसं सहीनिशी कळवलं होतं. दोन वर्षं आम्ही दहा माणसं काय करत होतो हे दाखवायला आमच्याजवळ काहीही नव्हतं. मला सगळ्यात जास्त ती टाकी आठवत होती. वेडेपणा आहे, पण मी त्या दिवशी घरी जाऊन आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर चढले आणि टाकी बघून आले.

दिगूदा आईला काय सांगणार हा प्रश्न होता. त्याने आमच्यासमोरच फोन लावला. "आये, डबकू गावाक गेलो."

पलीकडचं आम्हाला सगळ्यांना ऐकू आलं. "जांव दे. बेडूक तो. पावसात येतलो."

*

आता हा शेवटचा, आणि हा मी कोणाला सांगितला की लोकांना वाटतं मी वाढवून सांगते.

आठ महिन्यांनी प्लॅटफॉर्मकडून मेल आला. डबकूचा दुसरा सीझन मंजूर झालाय.

रुचाने फोन केला. आता तिथे निखिल सर म्हणून नवीन होते. तिने सांगितलं की सर, पहिला सीझन तुम्ही काढून टाकलात. ते म्हणाले, "हो, तो निर्णय दुसऱ्या विभागाचा. आम्हाला दुसरा सीझन हवाय." त्याच्या सुरुवातीला एक तुकडा लागेल, असंही ते म्हणाले, मागच्या सीझनमध्ये काय झालं ते सांगणारा. प्रत्येक भागाचं थोडं थोडं. रुचाने विचारलं, त्यासाठी जुनं फुटेज द्याल का? त्यांनी विचारून सांगितलं की ते आता देता येत नाही, तुम्ही आठवून नवीन काढा.

आम्ही आठवायला बसलो. बारा भाग केले होते. मला जागा आठवत होत्या, दिगूदाला उड्या आठवत होत्या, सरांना नोट्स आठवत होत्या. गोष्ट कोणालाच सलग आठवेना. चौथा आधी की पाचवा यावरून सर आणि दिगूदा एक दिवस बोलत नव्हते.

मग रुचाला एक जुना मेल सापडला. कांदिवलीच्या एका बाईंनी लिहिला होता, सिरीज गेली तेव्हा. माझी मुलगी ओवी सहा वर्षांची आहे, रोज विचारते, तिला सगळे भाग पाठ आहेत, मी तिला काय सांगू?

शनिवारी दुपारी ओवी आईबरोबर स्टुडिओत आली. दोन वेण्या, पाठीला शाळेची बॅग. आत आल्या आल्या म्हणाली, "पापडाचा वास येतोय." मग कामत सरांच्या खुर्चीत चढून बसली आणि सुरू झाली.

तिने पहिल्यापासून सांगितलं. डबकूचं तिच्या आवाजात, धवलचं मान लांब करून. मी लिहीत होते, दिगूदा समोर बसून भराभर काढत होता. मध्येच ती खुर्चीतून उतरली आणि त्याच्या कागदावर बोट ठेवलं. "काका, चुकलं. डबकूचा डावा पाय आधी उडतो."

दिगूदा उठला. खोलीच्या मध्ये जाऊन उकिडवा बसला, पन्नास वर्षांचा माणूस, आणि उडी मारली. मग परत येऊन कागद खोडला. "डावाच," म्हणाला.

तीन तास चाललं. एकही वाक्य इकडचं तिकडे नाही. बारावा संपला. आम्ही पेनं खाली ठेवली. सरांनी ओवीला पाणी दिलं, तिने अर्धा ग्लास प्यायला, तोंड पुसलं आणि म्हणाली, "आता तेरावा."

रुचाने तोंड उघडलं. सरांनी हात वर करून तिला थांबवलं.

"तेराव्यात टाकी साफ करायला माणसं येतात," ओवी म्हणाली. "ती सगळं पाणी सोडून देतात. टाकी रिकामी होते. डबकूला राहायला जागाच नसते. मग धवल येतो आणि त्याला चोचीत धरतो. सगळ्यांना वाटतं आता खाणार. पण तो खात नाही. तो उडतो. खूप लांब उडतो, सगळ्या बिल्डिंगांवरून. आणि त्याला एका दुसऱ्या टाकीत ठेवतो."

"कुठल्या टाकीत?" दिगूदाने विचारलं.

"आमच्या," ती म्हणाली. "कांदिवलीला."

दिगूदाने मान खाली घातली आणि काढायला लागला. तो एक तुकडा त्याने कागदावर केला, पहिल्यापासून शेवटपर्यंत, कोणाला हात लावू दिला नाही. मी मागे कांदिवलीची गच्ची काढली. ओवीच्या आईने फोटो पाठवले होते त्यावरून.

आम्ही तेराच्या तेरा तुकडे जोडून पाठवून दिले. सरांनी मेलमध्ये काहीच लिहिलं नाही, नुसतं 'सोबत जोडले आहे'.

चार दिवसांनी निखिल सरांची नोट आली. रुचाने ती आम्हाला वाचून दाखवली.

"छान झालंय. पहिले बारा भाग ओके. तेरावा मात्र पहिल्या सीझनमध्ये होता तितका जमलेला नाही. कृपया ओरिजिनल बघून सुधारा."